निळ्या चादरीपासून तीन हात

"तो मला लाजतो गं," कलाक्कानं सुनेला सांगितलं आणि स्वतःच खो खो हसली. हसलं की डाव्या खुब्यातून कळ निघायची, तरी हसली.

लाजणारा होता मल्लू. मल्लू म्हणजे वॉर्डातला यंत्रमानव. कंपनीनं त्याला काहीतरी इंग्रजी नाव आणि पुढे आकडा दिला होता. पण सोलापुरात आलेली वस्तू सोलापुरी नाव पडल्याशिवाय चालत नाही, म्हणून बायकांच्या हाडांच्या वॉर्डातल्या आयांनी त्याचं रीतसर बारसं केलं होतं. चाकांवर सरकायचा, दोन मऊ रबरी हात होते, आवाज जावयासारखा गोड. चहा द्यायचा, गोळ्या द्यायचा, उशी सारखी करायचा, म्हातार्‍यांना धरून संडासापर्यंत न्यायचा. बायका त्याच्यावर खूश होत्या. नवर्‍यानं जन्मात जे केलं नाही ते हे डबडं करतंय म्हणत होत्या.

सरबताची वेळ होती. मल्लू प्रत्येक खाटेजवळ गेला, वाकला, पेला बाईच्या हातात दिला, ओंजळीत नीट बसला का बघितलं. कलाक्काच्या खाटेशी मात्र तो तीन हात अलीकडे थांबला. रबराच्या हातांवर त्यानं रबरी मोजे चढवले. एक जोड चढवला, त्यावर दुसरा चढवला. मग हात लांब करून पेला खाटेच्या पायथ्याच्या टेबलावर ठेवला, मागे सरकला आणि म्हणाला, "घ्या मावशी, सावकाश घ्या."

यंत्राला माणसाचं काय लागणार होतं, देव जाणे.

सून लावण्या हसली नाही. सहावा महिना चालू होता, कमरेला हात देऊन ती उठली, पेला उचलून सासूला दिला आणि मल्लूकडे बघत राहिली. चादरीच्या कारखान्यात संगणकावर नक्षी काढायचं तिचं काम. नक्षीतला एक धागा चुकला तरी तिच्या डोळ्याला खुपायचा. "बाकी कुणाला नाही लाजत तो, अत्तम्मा," एवढंच ती म्हणाली. तेलुगू घरातली सून, सासूला अत्तम्मा म्हणायची. कलाक्कानं सरबताची चव भारी आहे म्हणून विषय बदलला.

खरं कारण कलाक्काला पक्कं ठाऊक होतं. तिला, म्हणजे कलावती येमूल या बाईला, एचआयव्हीची लागण होऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती. नवर्‍याकडून आली होती. नवरा यंत्रमागावर कामाला होता, तो त्यातच गेला. मुलगा नरेश तेव्हा पाळण्यात. त्याला काही नव्हतं, ही देवाची कृपा आणि डॉक्टरांचीही. तिनं शाळेचे युनिफॉर्म शिवून त्याला वाढवलं. सुरुवातीला रोज गोळ्या होत्या, आता सहा महिन्यांतून एक इंजेक्शन. रक्तात विषाणू इतका कमी झालेला की तपासणीला सापडत नाही, आणि जो सापडत नाही तो दुसर्‍याला जातही नाही, हे तिला डॉक्टरांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. नरेशला सगळं माहीत होतं. सुनेला यातलं अक्षर माहीत नव्हतं. कलाक्कानंच नरेशला शपथ घातली होती.

कारण बाळ येणार होतं. लावण्याला आई नव्हती, म्हणजे बाळंतपण सोलापुरातच, आणि बाळाला न्हाऊ घालायचं काम आजीचं. पाय पसरून पाटावर बसायचं, नडग्यांवर बाळ आडवं घ्यायचं, तेल चोळायचं, ऊन पाणी घालायचं, नाक ओढून सरळ करायचं. कलाक्काला जगात दुसरं काही नको होतं. झिजलेल्या खुब्यानं जमिनीवर बसता येत नव्हतं म्हणून तर ती ऑपरेशनला तयार झाली. नव्या जातीचा सांधा निघाला होता, त्यावर मांडीसुद्धा घालता येते म्हणत होते. पण खुबा बदलून मिळाला आणि सुनेला कळलं, तर ती तान्हं बाळ या पायांवर देईल? कलाक्काला त्या 'तर'ची भीती वाटायची. बाकी कशाची नाही.

दवाखान्यांचं तिला नवल राहिलं नव्हतं. फार पूर्वी केसपेपरवर लाल शाईनं मोठ्ठं लिहायचे. मग कायदा आला, असं लिहायचं नाही. तर फाईल उलटी ठेवायला लागले. त्यावर कुणी तक्रार केली, तर कोपरा दुमडायला लागले. या ट्रस्टच्या हॉस्पिटलात निळी चादर होती. सगळ्या खाटांना पांढरी, 'तसल्या' पेशंटच्या खाटेला निळी. विचारलं तर म्हणायचे, धुण्याच्या सोयीसाठी. निळी चादर असली की सिस्टर लांबून बोलायच्या, आया जेवणाचं ताट पायथ्याशी ठेवायच्या आणि ऑपरेशनच्या यादीत नंबर शेवटचा लागायचा. शेवटच्याची पाळी येईपर्यंत दिवस संपायचा. कलाक्काचं ऑपरेशन असं दोनदा पुढं गेलं होतं. कुणी वाईट बोललं नव्हतं हां. सगळे गोडच बोलायचे.

तर अशात शेजारच्या खाटेवर वसुंधराबाई येऊन पडल्या.

वसुंधराबाई म्हणजे ट्रस्टच्या चेअरमनच्या आई. गुडघ्याची वाटी सरकली होती. स्पेशल खोल्यांना रंग चालला होता म्हणून नाइलाजानं जनरल वॉर्डात आल्या, आणि आल्या त्या घरच्या उश्या, घरचा तांब्या आणि घरची चादर घेऊन. हॉस्पिटलची चादर टोचते म्हणे. नोकरानं खाटेवर अस्सल सोलापुरी चादर अंथरली. जाड, मोरांच्या नक्षीची आणि गडद निळी.

कलाक्काच्या ते लक्षात आलं तेव्हा मल्लू चहा घेऊन निघाला होता. ती बघत राहिली.

मल्लू वसुंधराबाईंपासून तीन हातांवर थांबला. मोजे चढवले, त्यावर मोजे चढवले. कप पायथ्याच्या टेबलावर ठेवला, मागे सरकला. "घ्या मावशी, सावकाश घ्या."

वसुंधराबाईंना आधी वाटलं यंत्र आंधळं आहे. त्यांनी हात पुढं केला. मल्लू आणखी मागे गेला. मग त्यांनी आवाज चढवला, की माझ्या नवर्‍याच्या नावानं हे हॉस्पिटल आहे आणि मला चहा हातात मिळत नाही म्हणजे काय. रूथ सिस्टर धावत आल्या. त्या वॉर्डाच्या इन्चार्ज, शिस्तीच्या बाई, त्यांनी मल्लूचं बटण बंद केलं, चालू केलं. मल्लूनं परत तेच केलं, तितक्याच गोडीनं.

कलाक्काला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. शेवटी ती म्हणाली, "बाई, चादर काढून बघा. चहा हातात येईल."

वसुंधराबाईंनी काढायला लावली. खाली पांढरी निघाली. मल्लू लगबगीनं जवळ आला, वाकला, कप त्यांच्या हातात दिला आणि उशी सारखी केली. वसुंधराबाई हट्टाच्या, त्यांनी चादर परत घालायला लावली. मल्लू तीन हात मागे. काढली, पुढे. घातली, मागे. दोन खाटा सोडून असलेली प्लास्टरवाली म्हातारी टाळ्या पिटायला लागली. रूथ सिस्टर मात्र हसत नव्हत्या. त्यांनी एकदा मोरांच्या चादरीकडे बघितलं, एकदा कलाक्काच्या खाटेकडे, आणि खाली बघायला लागल्या.

दुपारी कंपनीची इंजिनिअर आली. निलोफर शेख, इथल्याच नई जिंदगी वस्तीतली पोरगी, खांद्यावर पिशवी आणि हातात पाटीएवढी स्क्रीन. चेअरमनच्या आईंनी हुकूम सोडला की काय बिघडलंय ते माझ्यासमोरच सांगायचं. त्यामुळे रूथ सिस्टर, ऑपरेशनवाले डॉक्टर बिराजदार आणि निम्मा वॉर्ड त्या खाटेभोवती गोळा झाला. कलाक्का आपल्या खाटेवरून मान लांब करून ऐकत होती.

निलोफरनं समजावलं ते सोप्पं होतं. पूर्वीची यंत्रं नियमांवर चालायची. कप उचल, चार पावलं जा, कप ठेव. माणसांच्या गर्दीत ती धडपडायची, कारण माणसांचे सगळे नियम कुणी लिहून ठेवलेले नसतात. म्हणून मल्लूच्या पिढीला नियम शिकवतच नाहीत. ती बघून शिकते. पोरगी आईचं बघून पोळी लाटायला शिकते, तिला कुणी मापं देत नाही, तसं. छतातल्या कॅमेर्‍यांतून मल्लूनं महिनोन्‌महिने वॉर्डातल्या माणसांना बघितलं. कोण किती जवळ उभं राहतं, खांद्यावर हात कधी ठेवतं, पेला हातात कधी देतं. त्याला कुणाचा आजार सांगितलेला नाही. कायद्यानंच बंदी आहे. त्यानं फक्त एवढं जुळवलं की समोर काय दिसलं की माणसं कशी वागतात.

"आणि माणूस एखादवेळी विसरतो," निलोफर म्हणाली. "घाईत जवळही जातो. हा नाही विसरत. तुम्ही दहातून सात वेळा लांब राहिलात, तर हा दहाच्या दहा वेळा लांब राहतो."

डॉक्टर बिराजदारांनी विचारलं, मग दुरुस्त कधी होईल. निलोफर म्हणाली, दुरुस्त करण्यासारखं काही नाही, हा अगदी बरोबर शिकलाय.

रूथ सिस्टर हळूच म्हणाल्या, की आम्ही तर सगळ्या पेशंटशी गोड बोलतो. निलोफर म्हणाली, हो ना, तोही गोडच बोलतो.

तेवढ्यात वसुंधराबाईंनी नेमका प्रश्न टाकला, की निळी चादर एवढी कशाची? रूथ सिस्टर धुलाईचं काहीतरी सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. सगळ्यांचे डोळे फिरत फिरत कलाक्काच्या खाटेवर आले. अख्ख्या वॉर्डात निळी चादर आता तिच्याच खाली होती.

निलोफरनं पटकन विषय पुढे नेला. शहाणी पोर. म्हणाली, निळ्या चादरी आजच जाळल्या तरी उपयोग नाही. तुम्ही दुसरी खूण कराल, हा ती शोधून काढेल. तो चादरीकडून नाही, तुमच्याकडून शिकतो. एकच उपाय आहे. निळ्या चादरीच्या खाटेजवळ तुम्ही रोज जायचं, बसायचं, हात धरायचा, पेला हातात द्यायचा. रक्ताचं काम असेल तर मोजे घाला, पण ते सगळ्याच पेशंटला घालायचे, सारखेच. भेटीच्या वेळेत तर नक्की, कारण गर्दीत तो जास्त शिकतो. बघता बघता हाही जवळ जाईल. फक्त त्या खाटेवर कुणीतरी असं हवं, ज्याला लोकांनी बघितलेलं चालेल.

आता गप्प बसायचं ठरवलं असतं तर कलाक्काला बसता आलं असतं. खाट बदलून पांढरी चादर मागता आली असती, कुणी नाही म्हटलं नसतं. ऑपरेशन झालं असतं, घरी गेली असती, सुनेला पत्ताही लागला नसता. तिच्या डोक्यात हे सगळं येऊन गेलं. आणि तिला वाटलं, उद्या या खाटेवर दुसरी कुणी येईल. नवी असेल, घाबरलेली असेल, तिला हसायला येणार नाही. तिच्यासमोर हे डबडं दोन-दोन मोजे चढवेल.

"मी बसते या खाटेवर, पण संध्याकाळपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मला आधी सुनेशी बोलायचंय."

संध्याकाळी लावण्या डबा घेऊन आली. कलाक्कानं तिला खुर्ची ओढायला लावली आणि कधी नव्हे ते हसण्यावारी न नेता सगळं सांगितलं. नवर्‍याचं, गोळ्यांचं, इंजेक्शनचं, निळ्या चादरीचं, मल्लू माणसांचं बघून कसा शिकला त्याचं. बोलताना ती सुनेकडे बघत नव्हती, डब्याच्या झाकणाकडे बघत होती. लावण्यानं दोनच गोष्टी विचारल्या. नरेशला माहीत आहे का? आहे. त्याला काही आहे का? नाही, लहानपणीच तपासलंय. मग ती उठली, कालचा रिकामा डबा पिशवीत घातला आणि 'येते' सुद्धा न म्हणता गेली.

कलाक्काला जेवण गेलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि पोटभर रडली.

सकाळी शिकवणी सुरू झाली. झालं गेलं, पण शब्द दिलेला मोडायचा नाही अशी ती बाई होती. डोळे धुतले, वेणी घातली आणि तयार होऊन बसली. पहिल्या आल्या रूथ सिस्टर. खाटेच्या कडेवर टेकल्या, कलाक्काचा हात हातात घेतला आणि आता पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. दोघी मुलगी बघायला आल्यासारख्या बसून राहिल्या. शेवटी कलाक्कानंच विचारलं, की सिस्टर, ब्लाउज कुठं शिवला, बाही चुकलीय. त्यावरून शिंप्यांचा विषय निघाला तो चांगला रंगला आणि सिस्टर हात सोडायचं विसरून गेल्या. जाताना त्यांचे डोळे भरले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "अक्का, चादरीची पद्धत मीच पाडली होती. मला ती सोयीची वाटली होती."

कलाक्का म्हणाली, सोयीचीच होती सिस्टर, पण तुमच्या.

आया आल्या. एकीनं पेला देताना डोळे मिटले, औषध पिणारी तीच असल्यासारखे. दुसर्‍या खेपेला उघडे ठेवले. डॉक्टर बिराजदारांनी खुबा पहिल्यांदाच नीट दाबून बघितला, इतके दिवस ते एक्स-रेच्या फोटोवर भागवत होते. उद्या पहिला नंबर तुमचा, म्हणाले. थिएटर तर प्रत्येकानंतर सारखंच धुतात, मग शेवटी का ठेवत होतो कोण जाणे, असं ते स्वतःशीच पुटपुटले. वसुंधराबाई सगळं बघत होत्या. त्यांनी मोठा धीर करून विचारलं, की शेजारी झोपल्यानं लागत नाही ना हो?

"तुमच्या शेजारी झोपून तुमची श्रीमंती मला लागली का?" कलाक्का म्हणाली. "तसंच ते."

वसुंधराबाई इतक्या हसल्या की गुडघा धरून बसल्या. पण मल्लू काही हलला नव्हता. तीन हातांवर उभा राहून, मोजे चढवून, तो सगळ्यांना बघत होता.

भेटीची वेळ झाली. लोकांची ये-जा सुरू झाली. नरेश येईल, तोंड पाडून काहीतरी सांगेल, अशी कलाक्कानं मनाची तयारी केली होती. आली लावण्या. चालण्यात राग होता. डबा टेबलावर आपटला, झाकण काढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. ताट तिनं एकच घेतलं आणि सरळ खाटेवर येऊन बसली, निळ्या चादरीवर.

एक तुकडा मोडून लावण्यानं ताट मध्ये ठेवलं. कलाक्काचा हात आपोआप पुढं झाला आणि तिनं आपला घास कडेला वेगळा ओढून घेतला, स्वतः थोडी मागे सरकली.

"बघा," लावण्या म्हणाली. "तुम्ही आणि मल्लू एकाच शाळेत शिकलात."

कलाक्काला कळेना.

लावण्या बोलायला लागली तशी तिचा आवाज फुटला. लग्न होऊन दोन वर्षं झाली. तुमचं ताट वेगळं, तुमची विळी वेगळी, तुमचा कंगवा फडताळात कुलुपात. मी जवळ बसले की तुम्ही उठता. मी आजारी पडले तेव्हा कपाळाला हात लावला नाहीत, दारातून विचारलंत. मला आई नाही, मला वाटलं सासूच्या रूपानं मिळेल. मग वाटलं, मी हिला आवडत नाही. आमच्या घरचं काहीतरी कमी पडलं असेल. काल रात्रभर मी रडले ते आजारासाठी नाही. दोन वर्षं मी उगाचच स्वतःला नावं ठेवत होते, म्हणून रडले.

कलाक्काला वाटलं होतं, ती सुनेला जपतेय. इतकी वर्षं लोक तिच्यापासून किती लांब उभे राहतात ते ती बघत आली, आणि नकळत तेवढंच अंतर मोजून तिनं घरात आणून ठेवलं होतं. तिला ठाऊक होतं की असं लागत नाही. डॉक्टरांचं सगळं पाठ होतं. पण हात ते ऐकत नव्हते, हात दवाखान्याचं बघून शिकले होते. तिला स्वतःची लाज वाटली आणि या पोरीची फार माया आली.

"चुकले गं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला कळलं तर तू बाळ माझ्या पायावर देणार नाहीस."

"न्हाऊ घालताना माझ्या हातून ते निसटेल या भीतीनं मला झोप येत नाही, आणि तुम्हाला हे वाटतंय." लावण्यानं पदरानं नाक पुसलं. "न्हाऊ तुम्हीच घालायचं. पण असे आखडलेले हात घेऊन माझ्या लेकराला हात लावायचा नाही. आधी सवय करा."

तिनं पिशवीतून तेलाची बाटली काढली, सासूच्या हातात दिली, केस मोकळे सोडले आणि पाठ करून तिच्या पुढ्यात बसली.

अख्खा वॉर्ड बघत होता. वसुंधराबाई चष्मा लावून बघत होत्या, रूथ सिस्टर दारात थांबल्या होत्या, आणि मल्लू मान तिरकी करून, सगळे डोळे उघडे ठेवून बघत होता. कलाक्कानं तळव्यावर तेल घेतलं. नरेश मोठा झाल्यापासून तिनं कुणाच्याही डोक्याला हात लावला नव्हता. तिनं बोटांची नुसती टोकं सुनेच्या केसांवर टेकवली, हलकेच, जेमतेम.

"जोरात चोळा की ओ अत्तम्मा," लावण्या म्हणाली. "मी काय मोडत नाही."